मोजणीच्या यंत्रांचा जीर्णोद्धार

सन १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर एक अवजड यंत्र दोरखंडांनी वर चढविले जात असता, त्याला भिंतीपासून आवरून धरणारा दोर तुटला आणि ते यंत्र झोका घेऊन मंदिराच्या दगडी अंगावर आदळले. लंडनच्या विल्यम केरी या कारागिराने घडविलेला, छत्तीस इंच व्यासाच्या आडव्या चक्राचा आणि सुमारे अर्धा टन वजनाचा तो थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, होता. विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला, त्याची सारी भिस्त त्या यंत्रावर होती. विलायतेहून येताना ते फ्रेंच युद्धनौकेच्या हाती सापडले होते, मॉरिशसला गेले होते, आणि शास्त्राचे साधन शत्रूचे असले तरी अडवून ठेवणे योग्य नव्हे असे मानणाऱ्या तेथील फ्रेंच गव्हर्नराच्या सौजन्याने मद्रासला सुखरूप पोचले होते. तंजावरचा मुलूख सपाट आणि ताडामाडांनी दाटलेला, दूरवरचे दिसावे अशी टेकडी कोठे नाही, म्हणून देवळांच्या उंच शिखरांचा आश्रय करणे लॅम्टनला भाग पडले होते; त्या आश्रयातच हा अपघात झाला आणि चक्र वेडेवाकडे झाले.

पुढे जे घडले ते त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने लिहून ठेवले आहे. लॅम्टनने यंत्र तंबूत नेले, प्रमुख कारागिरांखेरीज कोणासही आत येण्यास मनाई केली, एका मोठ्या सपाट फळीवर चक्राच्या मूळ मापाचे वर्तुळ कोरले, आणि त्या वर्तुळात वाकलेले चक्र बसेपर्यंत पाचरी, स्क्रू व कप्प्या यांच्या साह्याने ते हळूहळू चोहोबाजूंनी ओढून घेतले. वाकलेले आरे लहान लाकडी हातोड्यांनी ठोकून पूर्वीच्या लांबीस आणले. या कामास सहा आठवडे लागले. ज्याचे भाग जुळवण्यासाठी विलायतेस पत्र धाडावे आणि उत्तराची वर्षभर वाट पाहावी असे ते यंत्र, केवळ त्याचा मूळ आकार काय असावा हे निश्चित ठाऊक असलेल्या एका माणसाच्या हातून तंबूत दुरुस्त झाले आणि पुन्हा कामाला लागले. २० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादहून नागपूरकडे जाताना वर्ध्याच्या मुलखात हिंगणघाट येथे लॅम्टनचा देहान्त झाला. त्याची कबर तेथे आहे.

हा वृत्तांत येथे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, मोजणीच्या यंत्रांचा इतिहास जेथे जेथे लिहिला जातो तेथे यंत्र कोणी काढले, ते किती सूक्ष्म होते, त्याने कोणता पर्वत मोजला, याचीच चर्चा होते. यंत्र बिघडल्यावर त्यातले प्रमाण पुन्हा कोणी व कशाच्या आधारे प्रस्थापित केले, हा प्रश्न कोणी सहसा विचारीत नाही. वस्तुतः यंत्राची खरी परीक्षा याच प्रश्नात आहे. प्रत्येक काळात मोजणीचे प्रमाण कोठे तरी वसलेले असते, कधी लाकडात, कधी पितळेत, कधी काचेत; आणि गेल्या अर्धशतकात ते एका नखाएवढ्या चिपमध्ये, रुपयाएवढ्या सेलच्या आधाराने वसू लागले. तो सेल संपला म्हणजे जे यंत्र बाहेरून अगदी धडधाकट दिसते, ज्याची दुर्बीण स्वच्छ आहे, ज्याचे स्क्रू मऊ फिरतात, ते सुरू करावे तर आकडे दाखविणारी पाटी कोरी राहते किंवा निरर्थक चिन्हे उमटतात. तंजावरच्या यंत्राचे अंग मोडले होते. या यंत्राचे ज्ञान गेलेले असते.

आमच्याकडे जमीनमोजणीचे प्रमाण यंत्रात फारसे नव्हतेच. ते काठीत, साखळीत आणि दप्तरात होते. शिवकालातील काठी पाच हात पाच मुठींची, अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर, असे ते गणित होते. पेशवाई गेल्यावर मुंबई इलाख्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात केलेली पहिली मोठी मोजणी व आकारणी फसली, आणि त्या अपयशातून धडा घेऊन गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्या रीतीने काम सुरू केले; १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या रीतीस कायम स्वरूप आले. साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. काटकोन साधण्यास शंकू. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळीची मुख्य रेषा टाकावयाची, बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर शंकूने लंब काढावयाचा, आणि ते सारे आकडे जाग्यावरच टिपणात उतरवावयाचे, अशी ती शंकुसाखळीची मोजणी होती.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य असे की, तीत हत्यार मुके होते आणि दप्तर बोलके होते. साखळी ओढून ओढून तिच्या कड्या उघडत आणि ती लांबत जाई, म्हणून प्रमाणलांबीशी तिची वारंवार रुजुवात घ्यावी लागे; पण ती तुटली तर दुसरी आणावी, एवढाच तिचा शोक. शेताचे माप साखळीत राहतच नसे. ते टिपणात, गुणाकार बुकात, आकारफोडीत आणि गावनकाशात राही, रुमालात बांधून कपाटात जाई, आणि पणतू-खापरपणतूंच्या काळी बांधावरून तंटा उपस्थित झाला म्हणजे पुन्हा बाहेर येई. आजही हद्द कायम करण्याच्या प्रकरणात भूकरमापक जुने टिपण काढून बसतो, आणि मूळ मोजणी करणाऱ्या अनामिक मोजणीदाराने उन्हात उभे राहून लिहिलेला आकडा दीडशे वर्षांनंतर दोन शेजाऱ्यांमधील वाद मिटवितो. कागदाला वाळवी लागते, ओल चढते, हे खरे. परंतु कागदाची झीज डोळ्यांना दिसते, आणि दिसणाऱ्या झिजेची नक्कल वेळीच करून घेता येते. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

सूक्ष्म यंत्रांची गोष्ट मात्र निराळी. तेथे प्रमाण धातूच्या चक्रावर कोरलेल्या अंशरेषांत होते आणि ते कोरणाऱ्या कारागिराच्या हातात होते. एव्हरेस्ट १८३० साली विलायतेहून परतला तो हेन्री बॅरो नावाच्या यंत्रकारास बरोबर घेऊनच. त्याच्या हाताखाली कलकत्त्यास सरकारी यंत्रशाळा उभी राहिली आणि केरीचा तो जुना थिओडोलाइट तेथे जवळजवळ नव्याने घडविण्यात आला. याच यंत्रशाळेत अर्काटचा मीर मोहसीन हुसेन हा कारागीर नावारूपास आला. तो मूळचा मद्रासेतील जवाहिऱ्या. रत्नाच्या कोंदणावर बसलेला हात व बसलेली नजर त्याने अंशरेषांच्या कामी लावली, आणि बॅरोनंतर १८४३ मध्ये सरकारी गणितयंत्रकाराचे पद त्यास मिळाले. एव्हरेस्टने त्याच्या कल्पकतेची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे. एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वोच्च शिखरास मिळाले आणि शाळकरी पोरांच्याही मुखी झाले; ज्याने त्या सर्वेक्षणाची यंत्रे नीट चालती ठेवली त्या मोहसीन हुसेनाचे नाव सुशिक्षितांनाही अपरिचित राहावे, ही आपल्या इतिहासलेखनातील उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे शतक काचेचे. हाइनरिख वाइल्ड हा स्विस भूमापक तरुणपणी एका पर्वतशिखरावर यंत्र लावीत असता, ते जुळविण्यात इतका वेळ गेला की वादळ चालून आले आणि एकही निरीक्षण न घेता त्यास खाली उतरावे लागले. शीघ्र जुळणारे यंत्र घडविण्याचा ध्यास त्याने तेथून घेतला, असे सांगतात. १९२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील हेरब्रुग येथे त्याच्या नावाने कारखाना निघाला, आणि काचचक्रावरील समोरासमोरच्या दोन्ही रेषा एकाच नेत्रकाचेत जुळवून वाचण्याची त्याची युक्ती टी-२ या लहानशा यंत्राद्वारे जगभर पसरली. या यंत्रात विसरण्यासारखे काही नव्हते. त्याचे दोष असत, परंतु निरीक्षक ते दोष दुर्बीण उलटवून, म्हणजे यंत्राच्या दोन्ही मुखांनी तोच कोन मोजून, स्वतःच्या वहीत काढून टाकी. यंत्राने दाखवावे आणि माणसाने शोधावे, असा तो करार होता.

हा करार मोडला तो अंतराच्या मोजणीने. स्वीडनच्या एरिक बर्गस्ट्रांडने प्रकाशाचा वेग मोजण्याच्या प्रयोगांतून जिओडिमीटर निर्माण केला. दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर वॉडलीने सूक्ष्मतरंग वापरून टेल्युरोमीटर केला आणि तो १९५७ मध्ये पुढे आला. १९६८ च्या सुमारास वाइल्डच्या कारखान्याने अवरक्त किरणांचा डिस्टोमॅट आणला. साखळीने जे अंतर मोजण्यास दिवस जाई ते किरणाच्या येण्याजाण्याने काही सेकंदांत मिळू लागले. पण किरण थेट अंतर सांगत नाही. तो तरंगाच्या कलेतील (फेजमधील) फरक सांगतो, आणि त्यावरून अंतर काढण्यास गणित लागते, हवेच्या उष्णतामानाची व दाबाची दुरुस्ती लागते. उष्णतामानात एक अंश सेल्सिअसची चूक झाली तर किलोमीटरमागे सुमारे एक मिलिमीटर चुकतो. हे गणित प्रथम निरीक्षक कोष्टकांवरून करी, मग खिशातील गणकयंत्रावर करू लागला, आणि १९७० नंतरच्या दशकात ते गणित यंत्राच्याच पोटात शिरले. कोन, अंतर, दुरुस्ती आणि नोंद या चारही गोष्टी एका पेटीत आल्या, आणि पेटी चालविणारी आज्ञावली, जिला व्यवहारात फर्मवेअर म्हणतात, ती या पेटीची खरी कारभारी बनली.

या संक्रमणाच्या मधल्या पायरीवर थोडे थांबले पाहिजे, कारण विस्मरणाचा पहिला अनुभव भूमापकांना तेथे आला. १९७९ मध्ये हेवलेट-पॅकर्ड कंपनीचा एचपी-४१ हा खिशातील गणक निघाला. त्यात भूमापनाच्या आज्ञावलीचे कायम मॉड्यूल बसविता येई, शिवाय निरीक्षकाला आपली स्वतःची गणिते त्यात लिहून ठेवता येत, आणि यंत्र बंद केले तरी ती टिकत. सेल मात्र संपू द्यावयाचे नाहीत. ते संपून काही काळ लोटला आणि मग नवे घातले, की पाटीवर ‘मेमरी लॉस्ट’ अशी दोन शब्दांची अक्षरे उमटत, आणि महिनोन्‌महिने रचलेली गणिते नाहीशी झालेली असत. शहाणे लोक ती चुंबकीय पट्ट्यांवर उतरून ठेवीत. त्या पट्ट्या आजही बऱ्या स्थितीत सापडतात. परंतु त्या वाचणाऱ्या यंत्रातील रबरी रूळ कालांतराने विरघळून डांबरासारखा चिकट होतो, आणि तो खरवडून नवी रबरी कडी चढविल्यावाचून एकही पट्टी वाचता येत नाही. नक्कल असणे आणि नक्कल वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

आता आज्ञावली हरवते कशी, हे नीट समजून घेऊ. स्मृतीच्या चिपांचे, आपल्या विषयापुरते, तीन प्रकार. पहिल्यात मजकूर कारखान्यातच कायमचा ओतलेला असतो. तो सहसा जात नाही, पण सुधारताही येत नाही. दुसरा प्रकार इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केला. त्यात मजकूर विद्युत्‌भाराच्या रूपाने साठविला जातो आणि चिपेच्या माथ्यावरील क्वार्ट्‌झच्या लहानशा खिडकीतून अतिनील किरण सोडले असता पुसला जातो. या खिडकीवर अपारदर्शक चिकटपट्टी लावलेली असते. ती सुकून गळून पडली आणि चिप उघडी राहिली, तर प्रत्यक्ष उन्हात सुमारे आठवड्याभरात आणि खोलीतील नळीदिव्याच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत मजकूर पुसला जाऊ शकतो, असा इशारा निर्मात्यांनी आपल्या माहितीपत्रकांत तेव्हाच दिला होता. तिसरा प्रकार अस्थिर स्मृतीचा. तिच्यात हवे ते कितीही वेळा लिहिता येते, पण वीज गेली की सारे जाते; म्हणून तिच्याजवळ तीन व्होल्टांचा एक लिथियम सेल कायमचा जोडलेला असतो. ही स्मृती इतकी अल्प वीज खाते की त्या सेलवर ती दहा वर्षांच्या आसपास जगते.

काही यंत्रांत निरीक्षणांच्या नोंदी तेवढ्या अशा स्मृतीत असत. काहींत यंत्राचे दोषांक. आणि काहींत प्रत्यक्ष आज्ञावली. असे का केले, असा दोष आज सहज देता येतो. पण त्या काळी वीज नसताही टिकणारी आणि वारंवार लिहिता येणारी स्मृती महाग होती व लहान होती. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृतीची मांडणी १९८४ मध्ये केली आणि ती स्वस्त व विश्वसनीय होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. यंत्र न उघडता, नुसती एक केबल जोडून आज्ञावली सुधारता यावी, ही भूमापकाच्या सोयीचीच दृष्टी होती. दहा वर्षे म्हणजे यंत्राचे पुरे आयुष्य, असा निर्मात्यांचा हिशेब. चूक झाली ती इतकीच की यंत्राचे उत्तम घडविलेले अंग या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक जगले.

जीर्णोद्धाराच्या कामाला सुरुवात होते ती यंत्र सुरू न करण्यापासून. जे यंत्र अजून जिवंत आहे पण ज्याचा सेल जुना झाला आहे, त्याचे काम सोपे वाटते आणि तेथेच घात होतो. कारण जुना सेल उचलून नवा बसविण्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात सर्व मजकूर जातो. सबब, जुना सेल काढण्यापूर्वी बाहेरून तीन व्होल्टांची वीज डायोडमार्गे त्याच तारांवर आणून ठेवावी, मग जुन्या सेलची पाने डागणीच्या टोकाने सोडवावीत, आणि नवा सेल पक्का बसल्यावर बाहेरची वीज काढावी. डागणीचे टोक जमिनीशी जोडलेले असले पाहिजे आणि काम करणाराचे मनगटही. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत लोकरीची बाही चिपेला लागली तरी ती मरू शकते. काही यंत्रांत लिथियमऐवजी पुनर्भारित होणारे निकेल-कॅडमियमचे सेल असतात. ते जुने झाले म्हणजे पाझरतात, आणि त्यातला क्षार तांब्याच्या रेषांवर हिरवट बुरशीसारखा चढून त्या खाऊन टाकतो. अशा वेळी आज्ञावलीआधी त्या रेषाच बारीक तारेने पुन्हा जोडाव्या लागतात.

ज्या यंत्रात खिडकीवाल्या चिपा आहेत त्यांतील मजकूर वाचून घेणे हे दुसरे काम. चिप तिच्या खोबणीतून दोन्ही अंगांनी सारख्या दाबाने उचलावी लागते. एक बाजू आधी उचलली तर पाय वाकतात आणि पूर्वी एकदा वाकलेला पाय बहुधा तुटतोच. मग ती वाचकयंत्रात बसवून सारा मजकूर संगणकावर घ्यावयाचा, आणि एकदा घेऊन समाधान न मानता पुन्हा पुन्हा, जरा कमी व जरा अधिक व्होल्टेजवरही घ्यावयाचा. कारण भार क्षीण झालेली एखादी जागा एका वाचनात शून्य तर दुसऱ्यात एक दाखविते. सर्व वाचने अक्षरशः जुळली आणि आज्ञावलीतच नोंदविलेल्या बेरजेशी त्यांची रुजुवात पटली, तरच ती नक्कल प्रमाण मानावयाची. जुन्या कचेरीत नकलेवर अस्सल बरहुकूम असा शेरा मारण्यापूर्वी दोघे कारकून एकमेकांस मजकूर वाचून दाखवीत, त्याच शिस्तीचे हे काम आहे.

आणि जेथे मजकूर गेलेलाच आहे तेथे? अशा यंत्रांपैकी काहींत कायम ओतलेल्या चिपेत एक छोटी आज्ञावली शिल्लक असते. तिला दुसरे काहीच येत नाही, पण केबलवरून येणारा मजकूर स्वीकारून जागच्या जागी ठेवणे तेवढे येते. तिच्याशी बोलावयाचे तर तिच्या काळचा संगणक लागतो, तिच्या काळचे क्रमिक जोडद्वार (सिरियल पोर्ट) लागते, निर्मात्याच्या घाटणीचा गोल जोड लागतो, आणि एका सेकंदास किती संकेत पाठवावयाचे याचा मेळ बसावा लागतो. आजच्या संगणकाला लावलेला स्वस्त जोडपरिवर्तक पुष्कळदा विद्युत्‌पातळी पुरी देत नाही, आणि मजकूर निम्म्यावर आला असता सारे थांबते. असे झाल्यास यंत्र मेले असे समजून लोक हात टेकतात. वस्तुतः जुना, डॉसवर चालणारा संगणक जोडला की तेच यंत्र निमूटपणे संपूर्ण मजकूर घेते आणि पाटीवर अंश, कला, विकला झळकतात. हे दृश्य ज्याने पाहिले त्याला या कामाचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

मात्र येथे काम संपले असे मानणे घातक होय. आज्ञावली त्या जातीच्या सर्व यंत्रांची एकच असते. एका भावंडाकडून दुसऱ्यास ती उसनी घेता येते. यंत्राचे दोषांक तसे नव्हेत. दुर्बिणीची रेषा अक्षाशी किती विकलांनी तिरपी आहे, उभ्या चक्राचे शून्य किती सरकलेले आहे, किरण यंत्राच्या मध्यापासून किती पुढे वा मागे निघतो, हे त्या एकाच देहाचे गुण असतात आणि तेही सेलबरोबर जातात. दुसऱ्या यंत्राचे दोषांक यात घातले तर यंत्र चालेल, आकडे ठसठशीत दाखवील आणि बेमालूम चुकीचे दाखवील. मोजणीच्या व्यवसायात यापेक्षा भयंकर स्थिती दुसरी नाही. म्हणून ते शेतात नेऊन पुन्हा शोधावेच लागतात, आणि शोधण्याची रीत तीच जुनी. दूरच्या एका खुणेवर दोन्ही मुखांनी कोन मोजावा, फरकाचा निम्मा घ्यावा. अंतराच्या स्थिरांकासाठी एका सरळ रेषेत तीन खुंट्या रोवाव्यात. पहिल्या दोहोंतील अंतर ४०.०३५ मीटर आले, पुढच्या दोहोंतील ६०.०३५ आले आणि टोकाटोकांचे १००.०३५ आले, तर तुकड्यांच्या बेरजेत ३५ मिलिमीटरची वाढ दिसते. प्रत्येक मापात यंत्र व परावर्तक मिळून तेवढी भर घालीत आहेत, हे खरे अंतर कोणाला ठाऊक नसतानाही सिद्ध होते. किरणाच्या वारंवारतेतील दोष मात्र या युक्तीने सापडत नाही; त्यासाठी ज्ञात लांबीची आधाररेषा किंवा प्रयोगशाळेतील वारंवारतामापक हाच आश्रय. आज्ञावली परत आली की यंत्र बोलू लागते, आणि या चाचण्यांनंतर ते खरे बोलू लागते.

या साऱ्याला निर्मात्यांचे साह्य मिळाले असते तर प्रश्न इतका बिकट न होता. परंतु ते निर्मातेच राहिले नाहीत. स्वित्झर्लंडमधील आराऊ येथील कर्न हे यंत्रकारांचे घराणे १८१९ पासूनचे. १९८८ मध्ये ते वाइल्डच्या कंपनीने, म्हणजे तेव्हाच्या वाइल्ड-लाइट्‌झने, घेतले आणि १९९१ मध्ये आराऊचा कारखाना बंद झाला. वाइल्डची ती कंपनी स्वतः १९९० मध्ये लायकात विलीन झाली. जिओडिमीटरचे स्वीडिश घर हात बदलत बदलत २००० साली अमेरिकेच्या ट्रिम्बलकडे गेले. प्रत्येक हस्तांतरात कारखान्याच्या कपाटातील काही चोपड्या, काही तबकड्या आणि ते जाणणारी काही माणसे गळाली. आज एखाद्या जुन्या यंत्राची आज्ञावली सापडते ती कोणा निवृत्त तंत्रज्ञाच्या घरी, पिवळ्या पडलेल्या पाकिटातल्या एखाद्या तबकडीवर. त्याने ती फेकली नाही म्हणून ती आहे. शासकीय दप्तरखान्यांत दीडशे वर्षांची टिपणे सापडतात आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राची आज्ञावली सापडत नाही, याला कारण एवढेच की टिपण जपणे हे कोणाचे तरी ठरलेले काम होते आणि आज्ञावली जपणे हे कोणाचेच नव्हते.

आता मोजणी उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या रोव्हरने होते, उपग्रह स्थान सांगतात, आणि ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्रेही जुनी वाटू लागली आहेत. मग ही मृतप्राय यंत्रे जगवावी कशाला, असे विचारले जाईल. उत्तर असे की त्यांतील उत्तम यंत्रांचे चक्र अजून अर्ध्या विकलेपर्यंत अचूक, दुर्बीण अजून स्वच्छ, आणि उभ्या भिंतीआड, दाट झाडीत, धरणाच्या बोगद्यात जेथे उपग्रह दिसत नाही तेथे कोन व अंतर हीच भाषा चालते. विद्यार्थ्याला दोष म्हणजे काय, तो कसा शोधावा आणि कसा काढावा, हे शिकविण्यास तर यापरते साधन नाही, कारण नवे यंत्र आपले दोष परस्पर लपवून टाकते. शिवाय ज्या सर्वेक्षणाचे आकडे या यंत्रांनी घेतले, त्या आकड्यांविषयी उद्या शंका निघाली तर ते कोणत्या आज्ञावलीने, कोणती दुरुस्ती धरून काढले, याचा पुरावा त्या चिपेतच आहे.

आपल्या राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या व तंत्रनिकेतनांच्या भूमापन प्रयोगशाळांत अशी यंत्रे पेट्यांत पडून आहेत. जडसंग्रह नोंदवहीत त्यांचा क्रमांक असतो, पुढे नादुरुस्त असा शेरा असतो, आणि एके वर्षी निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होऊन ती भंगाराच्या लिलावात वजनावर जातात. ज्यांच्या ताब्यात ती आहेत त्या प्रयोगशाळा सहायकांना व अध्यापकांना माझी विनंती आहे की, प्रस्तावावर सही करण्यापूर्वी पेटी एकदा उघडावी. यंत्र अजून चालत असेल तर त्याने दाखविलेले सर्व दोषांक व आज्ञावलीचा आवृत्तिक्रमांक कागदावर उतरून ती चिठ्ठी पेटीतच चिकटवावी. आतला सेल बाहेरून प्रवाह देऊन बदलून घ्यावा. खिडकीवाल्या चिपा असतील तर त्यांवरची चिकटपट्टी शाबूत आहे की नाही ते पाहावे आणि मजकुराची नक्कल घ्यावी. सोबतची पुस्तिका, केबल आणि तबकडी ही यंत्राचाच भाग समजून त्यांची नोंद त्याच क्रमांकाखाली करावी. बहुतेक यंत्रांत हे काम एका दिवसाचे आहे आणि नवा सेल बाजारात अजून मिळतो.